एमपीटी नाशिकमध्ये घरून करावं की मुंबईला जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) आणि इंटर्नशिप झाली आहे, एमपीटीच्या (पदव्युत्तर पदवीच्या) सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, बरे गुण आहेत. नाशिकमधल्या एका खासगी कॉलेजात मस्क्युलोस्केलेटल (हाडं-सांधे-स्नायूंचा विषय) मिळू शकतं, मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात न्यूरो (मेंदू आणि मज्जासंस्थेचा). पुढे क्लिनिक नाशिकमध्येच टाकायचं आहे. मग पसंतीक्रमात वर काय ठेवावं?

अर्धांगवायूच्या एकाच पेशंटबरोबर तासभर घालवताना तुमचा जीव रमत असेल, तर मुंबई वर टाका. इंटर्नशिपमध्ये न्यूरोची पोस्टिंग कधी संपते असं झालं असेल, तर कॉलेज कितीही नावाजलेलं असो, ते न्यूरो घेऊ नका. मी स्वतः न्यूरोत एमपीटी केलं आहे आणि गेली बरीच वर्षं नाशिकच्या इंदिरानगरला प्रॅक्टिस करते, त्यामुळे हे मनापासून सांगते. नावासाठी नावडता विषय घेतलेली मुलं नंतर त्याच विषयाचे पेशंट टाळताना मी पाहिली आहेत.

घरचे म्हणतील, 'मुंबईची डिग्री ती मुंबईची डिग्री.' त्यांना एवढं सांगा की दोन्ही कॉलेजं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे. पदवी त्याच नावाची, त्या-त्या विषयाचा अभ्यासक्रम तोच, लेखी पेपरही तोच. (लोणीचं प्रवरा, कराडचं कृष्णा, वर्ध्याजवळचं सावंगी ही अभिमत विद्यापीठं. त्यांची प्रवेशप्रक्रिया आणि पदवी वेगळी.) फरक पडतो तो कॉलेजला लागून असलेल्या हॉस्पिटलमुळे आणि तुम्हाला मिळणाऱ्या गाईडमुळे, म्हणजे प्रबंधाच्या मार्गदर्शकामुळे.

हॉस्पिटलचं एवढं महत्त्व का, ते एका उदाहरणावरून सांगते. स्ट्रोकचा पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात असतो, हात लुळा पडलेला. नातेवाईक त्याला उठवून बसवताना तोच हात धरून ओढतात. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्याने सांधा खाली सरकतो. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली बोट ठेवलं की खळगा लागतो, कधी एका बोटाचा, कधी त्याहून मोठा. तो खळगा डोळ्यांआधी बोटांना कळायला हवा. मग उशी कुठे ठेवायची, कूस कशी बदलायची, बायकोला किंवा मुलाला पेशंट कसा धरायला शिकवायचा, हे सगळं त्याच खाटेपाशी उभं राहून शिकायचं असतं. पुस्तकात हे सगळं आहे, पण हाताला ते शंभर खांदे चाचपल्यावर येतं. केईएम, सायन, नायरसारख्या रुग्णालयांत असे पेशंट रोज असतात. ज्या कॉलेजच्या हॉस्पिटलात न्यूरोचा वॉर्ड अर्धा रिकामा असतो, तिथे न्यूरोत एमपीटी करण्यात अर्थ नाही.

मस्क्युलोस्केलेटलचं गणित वेगळं आहे, आणि इथे नाशिकचं पारडं मुळीच हलकं नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून हाताला दुखापत झालेले कामगार येतात. द्राक्षबागेत छाटणी आणि डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) हंगामात तासन्‌तास हात वर करून काम केलेल्या बायका मान-खांदे धरून येतात. साखर असलेल्यांचे आखडलेले खांदे तर बारमाही. शिवाय पुढे तुम्ही याच लोकांवर उपचार करणार आहात. ऑर्थोची ओपीडी भरलेली असेल आणि तिथले सर्जन फिजिओला विचारून निर्णय घेत असतील, तर घरून जाऊनही उत्तम एमपीटी होतं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी दोन्ही ठिकाणी एकेक सकाळ जाऊन उभे राहा, शक्यतो सोमवारी, कारण त्या दिवशी गर्दी असते. माहितीपत्रकातले जिमचे फोटो बघू नका. पीजीची मुलं काय करतायत ते बघा. नव्या पेशंटला ती नीट तपासतात, लिहून काढतात, सरांशी वाद घालतात की नुसता शेक आणि करंट लावून पुढच्याला हाक मारतात? आयसीयूत फिजिओला कोण बोलावतं? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला खाटेच्या कडेला बसवायचं ठरतं, तेव्हा त्यात फिजिओचा शब्द चालतो का? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला कँटीनमध्ये चहा पाजून विचारा, ती सगळं खरं सांगेल.

तिला गाईडबद्दलही विचारा. एमपीटी दोनच वर्षांचं असतं. पहिल्याच वर्षी प्रबंधाचा विषय ठरवून आराखडा तयार करावा लागतो, मग एथिक्स कमिटीची मंजुरी, मग पेशंट गोळा करणं. विषय तुम्हाला निवडता येतो की गेल्या वर्षीचाच थोडा बदलून हातात देतात? गाईड ओपीडीत स्वतः पेशंटला हात लावतात का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. चांगली गाईड तुमची पकड चुकली की तिथल्या तिथे तुमचा अंगठा उचलून योग्य जागी ठेवते. ते दोन वर्षांत झालं नाही तर नंतर कुणी करत नाही.

पैशांचं बोलायचं तर खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे बघता येते. त्यावर डिपॉझिट, अमुक फंड वगैरे मागितलं तर पावतीशिवाय देऊ नका. विद्यावेतन मिळतं का, किती आणि दरमहा मिळतं का, हे तिथे शिकणाऱ्यांनाच विचारा. मुंबईत हॉस्टेल मिळणार का हे आधी पक्कं करा, कारण तिथे खोलीचं भाडं फीला सहज मागे टाकतं. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला अप-डाऊन करू, हा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. नोकरी करणारे करतात, पण वॉर्ड, प्रबंध आणि सेमिनार सांभाळून ते जमत नाही आणि तब्येत जाते.

परदेशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात विषय निघतोच. अमेरिकेत डीपीटी (तिथली फिजिओथेरपीची डॉक्टरेट पदवी) तीन वर्षांचं असतं. आपल्याकडून जाणाऱ्याला आधी शिक्षणाचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि मग एनपीटीई ही तिथली परवाना परीक्षा द्यावी लागते. त्यात मुख्यतः तुमचं बीपीटी तपासलं जातं. नुसतं एमपीटी केलं म्हणून तिथला परवाना मिळत नाही. कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र इथे एमपीटी लागतंच.

तुम्ही क्लिनिक म्हणालात म्हणून आणखी एक. नाशिकमध्ये कंबर-मान-गुडघे बघणारी क्लिनिकं गल्लोगल्ली आहेत. स्ट्रोकचा पेशंट डिस्चार्ज होऊन सिडकोतल्या नाहीतर पंचवटीतल्या घरी जातो, तेव्हा त्याला नीट उभं करणारं माणूस शोधताना घरच्यांची दमछाक होते. मला असे फोन येतात, आणि सगळ्यांना हो म्हणता येत नाही. न्यूरोत मन असेल तर इथे काम भरपूर आहे.

पुढच्या फेरीत जागा बदलण्याचे आणि प्रवेश रद्द करण्याचे नियम सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. ओपीडी बघून आल्यावरही मन दोन्हीकडे ओढत असेल, तर काय काय दिसलं ते इथे कमेंटमध्ये लिहा. मी वाचून नक्की उत्तर देईन.