उन्हाळ्यात क्राफ्ट बिअर चाखताना बाटलीचा प्रवास विचारात घ्यावा

नमस्कार. पुण्यात ज्या गव्हाच्या बिअरमध्ये आपल्याला संत्र्याची साल आणि धणे स्पष्ट जाणवले होते, तीच बिअर मे महिन्यात नागपुरात विकत घेतल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली, आणि आपली जीभच बिघडली असेल तर परीक्षणे लिहिणे थांबवावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अजिबात थांबवू नये. आपण वर्णन केलेली चव काल्पनिक नाही, आणि ती वेगळी ओळखता येणे हे चांगल्या जिभेचेच लक्षण आहे. मी स्वतः नागपूरच्या उन्हाळ्यात याच प्रश्नाशी बराच काळ झगडलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लागर आणि एल या बिअरच्या दोन मुख्य प्रकारांतला फरक, आधी रंग, मग वास, मग घोट हा क्रम, या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे मी धरून चालतो.

ओल्या पुठ्ठ्याची चव ही प्राणवायूमुळे शिळ्या झालेल्या बिअरची खूण आहे. तिच्यामागे ट्रान्स-२-नॉनेनाल नावाचे संयुग असते, आणि अब्जात ०.१ भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणातही ते माणसाला जाणवू शकते. बाटली भरताना आत राहिलेला थोडासा प्राणवायू आणि मूळ माल्टमधील, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातील, घटक यांच्या हळूहळू चालणाऱ्या प्रक्रिया उष्णतेने झपाट्याने वेग घेतात. बिअरच्या धंद्यात एक ढोबळ ठोकताळा सांगितला जातो: सुमारे ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस ठेवलेल्या बिअरची झीज जवळपास सारखीच होते. हा काटेकोर नियम नाही, पण नागपूरपुरता तो पुरेसा बोलका आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या छपराखालचे बंद गोदाम रात्रीही धड निवत नाही. अशा जागी आठवडाभर पडून राहिलेल्या खोक्यातली बिअर लेबलावरच्या तारखेने ताजी असली, तरी चवीने म्हातारी झालेली असते. कडक आणि गोडसर स्ट्राँग बिअरमध्ये ही झीज काहीशी झाकली जाते; धणे, संत्र्याची साल किंवा हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) फुलोरी वास यांवर जिची सारी मदार असते, ती बिअर मात्र सर्वात आधी उघडी पडते.

मला सर्वाधिक मनस्ताप दिला तो एका कंपनीच्या ग्राहक-तक्रार विभागाने. तिचे नाव मी येथे घेणार नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही. एका उन्हाळ्यात त्यांच्या गव्हाच्या बिअरच्या मी घेतलेल्या सर्व बाटल्या पुठ्ठ्यासारख्या लागल्या. मी बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, खरेदीची पावती आणि दुकानातील खोकी उन्हात ठेवल्याचे छायाचित्र असे सर्व जोडून त्यांना व्यवस्थित पत्र लिहिले. मला पैसे परत नको होते. माल कोणत्या तापमानात नागपूरपर्यंत येतो आणि येथे कसा साठवला जातो, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. त्यावर आलेले उत्तर एका ओळीचे होते: उत्पादन मुदतीच्या आत आहे. पुन्हा लिहिले तेव्हा तपासणीसाठी बाटली पाठवा असे कळवण्यात आले, परंतु कुरिअरवाले मद्य घेत नाहीत हे सांगितल्यावर पुढे कोणी उत्तर दिले नाही. विक्रेत्याने वितरकाकडे बोट दाखवले, वितरकाने कंपनीकडे. हा पत्रव्यवहार संपेपर्यंत पावसाळा लागला होता, त्या बॅचचा माल बाजारातून उठला होता, आणि माझ्यासोबत नियमित चाखायला बसणाऱ्या मित्रांचा या सगळ्यातून रस गेला होता. तो गट पुन्हा जमला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मुदतीच्या आत असणे म्हणजे चांगल्या अवस्थेत असणे, हे समीकरण मला मुळीच मान्य नाही. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर निर्मितीपासून सहा महिन्यांची मुदत छापलेली असते, आणि ती मुदत माल नीट ठेवला जाईल हे गृहीत धरूनच दिलेली असते. वातानुकूलित खोलीत ठेवलेली आणि पत्र्याखाली भाजून निघालेली बाटली यांना एकच तारीख लागू करणे हा लहान कारागिरांच्या मेहनतीवर अन्याय आहे. पुण्यात २००९ साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवून देणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात क्राफ्ट, म्हणजे लहान प्रमाणावर बनवलेल्या, बिअरची जी जाण वाढत गेली, ती टाकीतून थेट पेल्यात पडणाऱ्या ताज्या बिअरमुळे. बाटली किंवा कॅन त्या ताजेपणाच्या जोरावर विकायचा असेल, तर शेवटच्या दुकानापर्यंत थंडावा राखणे ही बनवणाऱ्याचीच जबाबदारी आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यात खर्च आहे हे मला कळते. परंतु त्या खर्चाची किंमत आपण जास्त पैसे देऊन मोजतच असतो. आपल्याला तक्रार पुढे न्यायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. मी तो मार्ग अवलंबला नव्हता, त्यामुळे त्यातून काय हाती लागेल हे मी सांगू शकत नाही.

जिभेबद्दलची शंका मात्र घरीच निवारता येते. एकाच बॅचच्या दोन बाटल्या, शक्यतो दुकानाच्या फ्रिजमधूनच, विकत घ्याव्यात. एक घरच्या फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसरी मे महिन्यातला एक आठवडा माळ्यावर ठेवावी. नंतर दोन्ही सारख्याच थंड करून घरातल्या कोणाला तरी तीन सारख्या पेल्यांत ओतायला सांगावे: दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता हे आपण न पाहता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनांतून एकदा बरोबर येऊ शकते, म्हणून हे पेले बदलून पुन्हा पुन्हा करावे. पुठ्ठ्याची चव अशी एकदा पक्की ओळखीची झाली की पुढे कोणी काहीही म्हटले तरी मन डळमळत नाही. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर थोडा वेळ उन्हात ठेवून तिचा वासही जरूर घेऊन पाहावा. प्रकाशामुळे हॉप्समधील कडू घटकांपासून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि कुबट, उग्र दर्प येतो. हा पुठ्ठ्याहून अगदी वेगळा दोष आहे, आणि दोघांची गल्लत होता कामा नये.

आता चाखण्याच्या जागेविषयी, कारण नागपुरात याकडे फार दुर्लक्ष होते. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या खोलीत बिअरचा वास घेऊ नये. ओल्या वाळ्याचा सुगंध मला अतिशय प्रिय आहे, पण त्याच्यापुढे धणे आणि संत्रे टिकत नाहीत. कूलर बंद करून पंख्याखाली किंवा रात्री गच्चीवर बसणे उत्तम. ज्या फ्रिजमध्ये पिकलेले आंबे आणि चिरलेला कांदा आहे, त्यात पेले ठेवू नयेत. त्याच संध्याकाळी सावजी जेवण असेल तर चाखणे आधी उरकावे, कारण तिखटाने जीभ पोळलेली असताना बिअरमधला वायू आणि मद्यार्क ती आग अधिकच भडकवतात, आणि मग कडवटपणाचा अंदाज पूर्णपणे चुकतो.

बर्फासारखी थंड बिअर उन्हात कितीही सुखावह वाटली तरी तिचे परीक्षण करता येत नाही, कारण थंडाव्यात वास दबतो. गव्हाच्या बिअरला सुमारे ५ ते ८ अंश योग्य, आणि स्टाउट या गडद बिअरला त्याहून थोडे अधिक. आपल्या खोलीतल्या उष्णतेत पेला पाहता पाहता तापतो, म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात उभी ठेवून एका वेळी साठ ते शंभर मिलिलिटरच ओतावे. फ्रीझरमध्ये गोठवलेले पेले टाळावेत; त्यांवरचे दव बिअरमध्ये उतरते आणि फेसही बिघडतो. दुपारी चाखू नये हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मद्यामुळे शरीरातले पाणी लघवीवाटे अधिक जाते, आणि ऊन लागण्याच्या दिवसांत ते धोक्याचे आहे. मी डॉक्टर नाही. ज्यांना रक्तदाबाची किंवा अन्य औषधे चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

परीक्षण लिहिताना गुण देण्याची बीजेसीपीची, म्हणजे बिअर-परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेची, पद्धत उपयोगी पडते. तीत ५० पैकी १२ गुण वासाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातल्या स्पर्शाला आणि १० एकूण प्रभावाला असतात. तिच्यात मी माझ्यापुरती एक भर घातली आहे, आणि आपणही ती घालावी असे सुचवतो: गुणांच्या वर निर्मितीची तारीख, खरेदीची तारीख, बाटली दुकानात फ्रिजमध्ये होती की फळीवर, आणि घरी ती किती दिवस कशी ठेवली, हे लिहावे. बाटली शिळी निघाली तर गुण देऊच नयेत. अवस्था खराब असल्याने परीक्षण केले नाही, एवढेच नोंदवावे. काहींना हा अतिरेक वाटतो. परंतु ज्या परीक्षणात निर्मितीची तारीख नाही, त्यावरून मी तरी उन्हाळ्यात बिअर निवडत नाही.

खरेदीबाबत थोडेच सांगतो. फळीवरची बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फ्रिजमधली मागावी, आणि तारीख स्वतः वाचावी. फ्रिजमध्ये ती कालच ठेवली असण्याची शक्यता उरतेच, म्हणून ज्या दुकानात माल लवकर खपतो तेथून घेणे बरे. घरी येताना गाडीच्या डिकीत ती तासभर ठेवून इतर कामे उरकत बसू नये.

पुण्याहून सोबत आणण्याचा विचार असेल तर मात्र सावध राहावे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि पुण्या-मुंबईकडून नागपूरला येणारी रेल्वे तसेच समृद्धी महामार्ग हे दोन्ही त्याच जिल्ह्यातून जातात. परवाना, प्रमाण आणि वाहतूक यांविषयीचे नियम मी कायदेतज्ज्ञ म्हणून सांगू शकत नाही. निघण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे विचारणा करावी, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.