कॅथलिक लोक बायबल वाचतच नाहीत का? आणि मला वाचायचं झालं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंत की तुमचा मेथॉडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाचा) मित्र म्हणतो, कॅथलिकांच्या हातात जपमाळ असते, बायबल नसतं. मी बेळगावचा कॅथलिक, मराठी मिस्सेत (आमच्या चर्चमधल्या सामूहिक उपासनेत) अधूनमधून वाचन करतो. माझ्या मते आम्ही बायबल वाचतो कमी, ऐकतो जास्त.

रविवारी मिस्सेत आधी बहुतेक जुन्या करारातला (बायबलच्या येशूआधीच्या भागातला) उतारा, मग स्तोत्र, मग एखादं पत्र, बरेचदा पौलाचं, आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत. असे चार आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाचे. हे उतारे फादर आपल्या मनाने निवडत नाहीत. तीन वर्षांचं चक्र ठरलेलं असतं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान मुख्यतः उपवासकाळात (ईस्टरआधी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढे). त्यामुळे कोकणी मिस्सेला जा, मराठीला जा की कन्नडला, त्या रविवारचं शुभवर्तमान तेच. भाषेवरून इथे एवढं रामायण झालंय, म्हणून मला याचं जास्तच अप्रूप! शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. कपाळ, ओठ आणि छातीवर अंगठ्याने क्रूस काढतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1965 मध्ये लिहूनच ठेवलंय की चर्च प्रभूच्या शरीरासारखाच (म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीसारखाच) पवित्र शास्त्राचाही मान राखत आलंय.

ऐकण्याची ही सवय जुनी आहे. गोव्यात राहिलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं 1616 सालचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे ते उगाच नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही कानी कथा पडावी.

तरी तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. परिषदेआधी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. जुन्या माणसांना प्रार्थना तोंडपाठ, पण बायबल उघडायची सवय कमी. पुढे परिषदेने सगळ्यांनाच वाचायला सांगितलं, पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये देवशब्दाचा खास रविवारही ठरवला. पण लग्नात मिळालेलं बायबल प्लास्टिकच्या कव्हरासकट घरातल्या अल्तारावर (देव्हाऱ्यासारख्या जागी) ठेवलेलं मी अजूनही बघतो. धूळ बसत नाही, एवढाच त्याचा फायदा. आदर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विकत घेणार असाल तर आधी अनुक्रमणिका बघा. मित्राच्या बायबलात 66 पुस्तकं असतील, आमच्यात 73. टोबीत, युदीथ, मक्काबी वगैरे जास्तीची. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नका, तिसऱ्या, लेवीयपर्यंत दम निघतो. मार्क घ्या, सोळाच अध्याय आहेत.