ग्रॅहम ग्रीन यांची ‘ब्रायटन रॉक’ ही कादंबरी मी वाचली आहे. शेवट बदललेला असूनही तिच्यावरचा जुना ब्रिटिश चित्रपट पाहावा का?

पाहावा, आणि त्या बदललेल्या शेवटासाठीच पाहावा, असे माझे मत आहे.

आपण कादंबरी वाचली असल्यामुळे कथानक उघड करण्यास हरकत नसावी. इतरांनी हा परिच्छेद वगळावा. आपल्याविरुद्ध तिची साक्ष होऊ नये एवढ्याच हेतूने पिंकी हा कोवळ्या वयाचा गुंड रोझशी लग्न करतो. तिच्या हट्टाखातर तो स्वतःचा आवाज तबकडीवर मुद्रित करतो, पण काचेबाहेर उभ्या असलेल्या रोझला काहीच ऐकू येत नसल्याने तिच्याविषयीचा सगळा द्वेष त्यात ओकतो. कादंबरीत त्याच्या मृत्यूनंतर रोझ ती तबकडी ऐकायला निघते आणि ग्रीन तिथेच थांबतात. चित्रपटात तबकडी वाजते, मात्र सुई ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ एवढ्याच शब्दांवर अडकते. आणि तेही, तुला माझ्या तोंडून जे ऐकायचे आहे ते हेच ना, अशा हेटाळणीच्या ओघात आलेले असतात. पुष्कळांना ही तडजोड वाटते. मला मात्र हा शेवट अधिक जीवघेणा वाटतो, कारण सुईपुढचे शब्द फक्त प्रेक्षकाला ठाऊक असतात आणि ती मुलगी समाधानाने ऐकत राहते. शिवाय नाटककार टेरेन्स रॅटिगन यांच्यासह पटकथा लिहिणारे स्वतः ग्रीनच होते.

दिग्दर्शक जॉन बोल्टिंग आणि निर्माते रॉय बोल्टिंग हे जुळे भाऊ. 1938च्या कादंबरीतले ब्रायटन त्यांनी प्रत्यक्ष त्या शहराच्या रस्त्यांवर उभे केले, त्यामुळे सुटीच्या गर्दीत पिंकीच्या टोळीने चालवलेला हेल या वृत्तपत्रवाल्याचा पाठलाग आजही अंगावर येतो.

पिंकीच्या भूमिकेत रिचर्ड ॲटनबरो आहेत. आपल्याकडे ते 1982च्या ‘गांधी’चे दिग्दर्शक म्हणून, आणि सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तील जनरल औट्राम म्हणून परिचित आहेत. हीच भूमिका त्यांनी 1943 साली रंगभूमीवर केली होती, आणि पडद्यावरचा त्यांचा संयम त्या सरावातून आला असावा. ते आवाज चढवत नाहीत. बोटांत दोरा गुंफत बसलेला, पापणीही न हलवणारा तो पोरसवदा चेहराच पुरेसा होतो.