आजीच्या घरी बाबा पोळ्या का लाटत नाहीत

प्रिय ईशान,

साताऱ्याहून परत निघालो तेव्हा विमानतळावर तू विचारलंस, "आई, मेलबर्नला बाबा रोज पोळ्या लाटतात, मग आजीकडे खुर्चीतून उठत का नाहीत?" मी "नंतर सांगते" म्हणून टाळलं. आज लिहिते.

बाबा एकदा उठले होते. तू गच्चीवर होतास. त्यांनी पोळपाट ओढला तशी आजीने हातातलं लाटणं काढून घेतलं. "घरात दोन बायका असताना तू कशाला?" ती चिडली नव्हती, ओशाळली होती. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या ना.

आजीचं माहेरचं नाव कुसुम. १९७१ साली लग्नात तांदूळ पसरलेल्या ताटात आजोबांनी अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, आणि ती सुनंदा झाली. तिला कुणी विचारलंही नाही. पुढे फक्त भाऊबीजेला तिचा भाऊ यायचा, तो अंगणातूनच "कुसे" अशी हाक मारायचा. नाव, आडनाव, गाव, कुलदैवत, सगळंच बदललेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सासरी एकच जागा आपली करता आली, स्वयंपाकघर. तिथे तिचा शब्द चालायचा. म्हणून मुलाने लाटणं धरलं की तिला मदत झाल्यासारखं वाटत नाही, आपण कुठेतरी कमी पडलो असं वाटतं.

पण हे झालं आजीचं. बाबा पुन्हा उठले नाहीत, कारण बसून राहणं सोपं होतं. आणि मीही "दोन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे" म्हणत मुकाट्याने लाटायला बसले. माझं चुकलंच.

हे काही आपल्याच घरातलं नाही. लोकांचा दिवस कशात जातो याची भारत सरकारने २०२४ मध्ये पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. यातला 'करणाऱ्या' हा शब्द नीट वाच. बहुतेक पुरुष त्या ८८ मिनिटांतही नाहीत.

तरी बदलतंय. आमच्या लग्नात तांदळाचं ताट आजीनेच आणलं होतं. बाबांनी त्यात माझंच नाव लिहिलं. गुरुजींनी क्षणभर मान वर केली आणि पुढचे विधी सुरू केले. आजी काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून मला माझ्याच नावाने हाक मारते. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलंय. काकूच्या बाळाचं नाव तसं लिहिलेलं आजीने दोनदा वाचलं. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे मात्र अजून नवऱ्याचंच नाव, तेवढं त्या निर्णयातही तसंच राहिलं.

काल बाबांशी बोलले. डिसेंबरात गेलो की ते आजीकडून लाटणं मागून घेणार नाहीत. तिच्या शेजारी बसून म्हणणार आहेत, "आई, तुझ्यासारखी घडीची पोळी मला अजून जमत नाही, शिकव." कणीक तू मळायचीस. आणि काकू दारात आल्या तरी दोघांनीही उठायचं नाही.

तुझी,
आई