खिडक्या लावून केलेला रियाज

"मी 29 वर्षांची असून फोंडा तालुक्यातील एका गावात राहते आणि पणजीत नोकरी करते. शाळेत असताना 'प्रवेशिका पूर्ण' या परीक्षेपर्यंत गाणे शिकले. आता त्यापुढची 'विशारद' ही पदवी मिळवायचे ठरवले आहे. गेली तीन वर्षे दर जूनमध्ये वेळापत्रक आखते, पहाटे उठते आणि चतुर्थी येईपर्यंत सगळे बारगळते. घरच्यांची आडकाठी नाही. सासूबाई देवळातील भजनी मंडळात गातात. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या लावून रियाज करते. प्रेरणा टिकवावी कशी?"

वेळापत्रकाविषयीची तुमची दोन पाने मी छापताना गाळली आहेत, कारण खिडक्यांच्या त्या एका वाक्यापुढे मला जाता आले नाही. घरात गाणारे माणूस असताना तुम्ही तीन वर्षे त्याच माणसापासून सूर लपवता आणि वर प्रेरणा का टिकत नाही असे विचारता, याचा मला खरोखर राग आला. बंद खोलीत सूर उतरला तरी कोणी सांगत नाही आणि नेमका लागला तरी कोणी मान डोलावत नाही; असा रियाज चतुर्थीपर्यंत तग धरतो हेच पुष्कळ आहे. शिवाय घर कौलारू असेल, तर भिंतीवरून आवाज पलीकडे जातोच. सासूबाईंनी तुम्हाला कधीच ऐकले असेल आणि तुमचा संकोच ओळखून त्या गप्प राहिल्या असतील.

तुमच्याच तालुक्यातील केरी गावच्या थोर गायिका केसरबाई केरकर यांचा जन्म 1892 चा. आधी अन्य गुरूंकडे शिकून झाले असतानाही 1921 मध्ये, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयात, त्या थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांपुढे शिष्या म्हणून बसल्या आणि 1946 मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडे शिकत राहिल्या. नावलौकिक झाल्यावरही आपले गाणे दुसऱ्याच्या कानाने तपासून घेण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते.

येत्या एकादशीला सासूबाईंबरोबर देवळात जा आणि टाळ घेऊन त्यांच्या शेजारी बसा. मंडळाची पट्टी तुम्हाला जड जाईल, एखाद्या गवळणीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकेल आणि त्या बायका तुम्हाला तिथल्या तिथे सांगतील, सांगू द्या. घरी परतताना सासूबाईंना एवढेच विचारा, "आई, माझे कुठे चुकले?" त्या जे सांगतील, ते दुसऱ्या दिवशी पहाटे खिडक्या उघड्या ठेवून गाऊन पाहा.