मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मेंदूतलं 'सीओएमटी' एन्झाइम बिघडल्याने तो होतो असं वाचलं. मलाही होईल का?

हाच प्रश्न मीही विचारला होता. 2005 साली माझ्या दादाचं निदान झालं तेव्हा आई बाहेर गेल्याचं बघून मी डॉक्टरांना हळूच म्हटलं, "मग आता माझा नंबर का?"

आधी एन्झाइमचं. सीओएमटी मेंदूतल्या डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा निचरा करतं हे खरं. त्याचं जनुक 22व्या गुणसूत्रावर असतं. काही जणांत तिथला एक तुकडा जन्मतःच गळालेला असतो आणि त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी एकाला पुढे स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. त्यामुळे संशय या एन्झाइमवर गेला. पण त्या तुकड्यात आणखी कितीतरी जनुकं असतात. 2022 साली सुमारे 77 हजार रुग्णांच्या अभ्यासातून या आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या 287 जागा पुढे आल्या, बहुतेकींचा वाटा चिमूटभर. ते बदल कमीअधिक आपल्या सगळ्यांतच असतात, आईकडून येतात तसे वडिलांकडूनही.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. "हे तिच्या माहेरचं आहे," असं आत्या भर पंगतीत बोलली, त्यानंतर वर्षभर आई मामाकडे गेली नाही. तुमच्या घरी कुणी असं बोलत असेल तर तिथेच थांबवा.

आता तुमचं. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत शंभरात नऊ-दहा जणांना. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याहून कमीच. गांजाने मात्र धोका वाढतो, त्याला अजिबात हात लावू नका.

आमच्या घरात एन्झाइमने खरा गोंधळ घातला तो यकृतातल्या. दादा क्लोझापिन घेतो. सिगरेटच्या धुराने हे औषध मोडणारं एन्झाइम जोरात चालतं. 2020च्या लॉकडाऊनमध्ये टपऱ्या बंद झाल्या, त्याची सिगरेट सुटली आणि आठवड्याभरात तो दिवसभर गुंगीत, तोंडातून लाळ. आम्हाला वाटलं आजार बळावला. डॉक्टरांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "सिगरेट बंद झाली का?" डोस कमी केला आणि तो सावरला. तुमचा भाऊ क्लोझापिनवर असेल आणि सिगरेट सोडायची म्हणत असेल तर जरूर सोडू द्या, फक्त डॉक्टरांना आधी कळवा.