गंबोरोच्या लसीनेच बर्सा बारीक झाला का?

प्रश्न: आमच्या पिल्लांना 14व्या दिवशी गंबोरोची लस पाण्यातून दिली. आठवड्याभरात दोन पिल्लं मेली, डॉक्टरांनी उघडून बघितली तर बर्सा बारीक झालेला. लसीनेच प्रतिकारशक्ती घालवली असं भाऊ म्हणतो. जिवंत लस म्हणजे आपणच रोग दिला का?

उत्तर: भाऊ पूर्ण चूक नाहीये. बर्सा म्हणजे पिल्लाच्या शेपटीजवळ, गुदद्वाराच्या वर असलेली छोटी पिशवी, आणि गंबोरो हा तिच्यावर हल्ला करणारा विषाणूचा रोग. लसीतला विषाणू जिवंतच असतो, गर्भ असलेल्या अंड्यात नाहीतर पेशींच्या कल्चरमध्ये परत परत वाढवून त्याचा जोर उतरवलेला असतो एवढंच, आणि पिल्लाच्या अंगात तो थोडा तरी वाढला पाहिजे, नाहीतर लस लागूच पडत नाही. आता हा वाढतो कुठे, तर बर्सातल्या कोवळ्या बी पेशींत, म्हणजे ज्यांनी पुढे अँटीबॉडी बनवायच्या त्यांच्यातच! (बी हे अक्षर बर्सावरूनच आलंय, बर्सा काढलेल्या कोंबड्यांत अँटीबॉडी नीट बनत नाहीत हे ग्लिक यांनी 1956 मध्ये दाखवलं.)

किती पेशी जातात ते लसीतल्या विषाणूच्या स्ट्रेनवर, म्हणजे प्रकारावर आहे. माइल्ड लसीने बर्साला फारसं काही होत नाही पण आईकडून आलेल्या अँटीबॉडी तिला आधीच मारून टाकतात, हॉट म्हणतात ती त्यातूनही पार होते पण बर्सा बऱ्यापैकी रिकामा करते. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत परत भरतो, मधल्या काळात दिलेली लासोटा (राणीखेत रोगाची लस) मात्र कमी लागू शकते. तेव्हा बाटलीवर कुठला स्ट्रेन लिहिलाय ते आधी बघा.

पण मर लसीच्या नावावर लगेच टाकू नका. खऱ्या रोगात बर्सा आधी सुजतो, चौथ्या दिवसाला वजन जवळपास दुप्पट, वर पिवळट जेलीसारखा थर, कधी रक्त, आणि मग आठव्या दिवसापर्यंत आक्रसतो. तुमच्याकडे बाहेरचा विषाणू लसीच्या आधीच शेडमध्ये शिरला असेल तर लस दिल्यावर काही दिवसांनी बारीकच बर्सा दिसणार. दोन मेलेल्या पिल्लांवरून हे कळत नाही, चांगल्या दिसणाऱ्या चार-पाच पिल्लांचे बर्सा पण लॅबला पाठवा आणि पीसीआर करून विषाणू लसीचा की बाहेरचा ते विचारा. पुढच्या बॅचला पिल्लं आल्या आल्या रक्ताची एलायझा करून आईच्या अँटीबॉडी किती आहेत ते बघा, लसीचा दिवस त्यावरून काढता येतो, 14वा दिवस सगळ्या बॅचना चालेलच असं नाही.